ब्रश न लावलेला फोटो

अरविंद टिपणिसांना जिवंत माणसं फारशी कळत नसत. वाशीत दुकान टाकल्यावर पहिल्याच महिन्यात त्यांनी एका गिऱ्हाइकाचा चेहरा वाचून 'सज्जन' असा निकाल दिला आणि तो सज्जन जाताना त्यांची छत्री घेऊन गेला. पण माणूस एकदा फोटोत गेला आणि तो फोटो पन्नास वर्षं जुना झाला, की मग त्याचं काही म्हणजे काही टिपणिसांपासून लपून राहत नसे.

असे फोटो त्यांच्याकडे ट्रंकभर होते. गिरगावातल्या ज्या स्टुडिओत ते रिटचिंग, म्हणजे ब्रशनं फोटो सुधारायचं काम करत, तो बंद पडला तेव्हा लोकांनी काढून घेतलेले पण कधीच न नेलेले फोटो मालक रद्दीत घालायला निघाले होते. टिपणिसांनी ते मागून घेतले. १९७७ साली वाशीत गिऱ्हाईक म्हणजे महापे-तळोज्याच्या कारखान्यांत गेटपाससाठी फोटो लागणारे कामगार. ते सकाळी येऊन जात. पुढचा दिवसभर दुकानात टिपणीस आणि ट्रंक. कोट घातलेला एक मिशाळ गृहस्थ होता, तो त्यांच्या मते मामलेदार कचेरीतला कारकून, दम्याचा, बायकोला घाबरणारा आणि चोरून भजी खाणारा. खुर्चीच्या अगदी कडेवर बसलेली एक बाई होती, ती पेटी वाजवायची आणि नवऱ्याला उलट उत्तरं द्यायची. या बाईवर त्यांचा विशेष जीव.

"तुम्हाला त्या मेल्या कारकुनाचा दमा माहीत," त्यांच्या पत्नी वैजयंतीबाई म्हणत, "घरातलं रॉकेल संपलंय ते नाही माहीत."

एक्याऐंशी साली घणसोली गावातला पंढरी दुकानात आला. शेती नव्या शहरात गेली होती, मिळालेल्या पैशांतून जुन्या घराच्या जागेवर दोन मजली घर उभं राहिलं होतं आणि वास्तुशांत आठ दिवसांवर होती.

"दारासमोरच्या भिंतीवर बापाचा फोटो पायजे," तो म्हणाला. "हार घालायला."

"आणा की. मोठा करून देतो."

"फोटो नाय ना. बापानं कदी काडलाच नाय."

"मग दिसायला कसे होते?"

पंढरीनं बराच विचार केला. "मिशा होत्या," तो म्हणाला.

टिपणिसांनी कारकून बाहेर काढला. ब्रशनं त्याचा कोट उतरवून बंडी घातली, डोक्याला फडकं बांधलं, रंग दोन छटा काळा केला. वास्तुशांतीला सगळं घर फोटोसमोर उभं राहून म्हणालं, "आबाच!" पंढरीनं पाहुण्यांना सांगितलं, की हा माणूस डोक्यावर मिठाचं पोतं घेऊन खाडी पोहून जायचा. जेवताना टिपणीस हेच घोळवत होते. दम्याच्या माणसानं पोतं घेऊन खाडी पोहायची म्हणजे काय? एवढं कष्टानं उभं केलेलं आयुष्य लोकांनी चुलीत घातलं, असं त्यांना वाटलं आणि ते त्यांनी वैजयंतीबाईंना तीनदा सांगितलं.

दोन वर्षांनी एक म्हातारी दुकानात येऊन बाकावर बसली. पंढरीची आत्या, शेवंताबाई. लग्नानंतर वर्षभरात विधवा होऊन भावाकडे आलेली आणि तिथेच राहिलेली.

"माज्या दादाच्या जागी बसवलाय तो मानूस कोन हाय?" तिनं विचारलं.

टिपणीस खूश झाले. इतक्या वर्षांत हे विचारणारं पहिलंच माणूस. त्यांनी कचेरी, दमा, भजी, सगळं रंगवून सांगितलं.

"म्हंजे आमी रोज कारकुनाच्या पाया पडतो," शेवंताबाई म्हणाली. "पयले डोले मिटले का दादा दिसायचा. आता तुमचा तो दिसतो. दोन वर्सांत माजा दादा पुसला तुमी. आता पंढरी बोलतो, बाजूची भिंत उगडी दिसते, आजीचा फोटो लावू. माज्या आयचं तोंड बगितलेली मीच एकली उरलीय. ती पुसू नका."

टिपणिसांनी ट्रंक तिच्यापुढे उघडली. तिनं एकेक बाई हातात घेतली आणि परत ठेवली. शेवटी, मोठ्या मनानं, त्यांनी खुर्चीवाली पुढे केली.

"चांगली हाय," शेवंताबाई म्हणाली. "पन माजी आय नाय."

"तुम्ही आईवर गेलात का?"

"लोक बोलायचे तसं. बोलनारे मेले."

टिपणिसांनी तिला स्टुलावर बसवलं. जन्मातला पहिला फोटो. गुडघ्यांवर दोन्ही हात ठेवून, श्वास रोखून ती बसली आणि 'झालं' म्हटल्यावरही तिनं तो सोडला नाही. मग आठवडाभर टिपणिसांनी त्या फोटोवर काम केलं. सुरकुत्या काढल्या, केस काळे केले, कपाळभर कुंकू लावलं, नाकात नथ घातली. आईच्या डाव्या भुवईवर विळ्याचा व्रण होता म्हणून तिनं सांगितलं, तोही ब्रशनं उमटवला. शेवंताबाई त्या फोटोकडे पुष्कळ वेळ बघत राहिली.

"हाय," ती म्हणाली. "थोडी हाय." आणि पदरानं डोळे पुसले. "पन येक वचन द्या. मी मेली का पंढरी माजापन फोटो मागल. त्याला ब्रश लावायचा नाय. सुरकुत्यासकट द्या. नायतर मीपन दुसरीच कुनी होऊन बसन."

टिपणिसांनी वचन दिलं.

पुढची चार वर्षं बाजाराच्या दिवशी ती दुकानात येई, बाकावर बसे, टिपणीस चहा मागवत आणि ट्रंकेतल्या माणसांच्या गोष्टी सांगत. ती ऐकून घेई. मधेच कधीतरी म्हणे, "आमच्या मिठागरावर येकदा..." आणि टिपणीस म्हणत, "थांबा हो, आधी या पगडीवाल्याचं पुरं होऊ द्या." मग ती थांबे.

सत्त्याऐंशी साली ती वारली. टिपणिसांनी निगेटिव्ह शोधून काढली आणि आयुष्यात प्रथमच ब्रश बाजूला ठेवून मोठा फोटो केला, फ्रेम करून स्वतः पंढरीच्या घरी पोचवला. तिसऱ्या दिवशी पंढरी तो बगलेत घेऊन परत आला.

"सायेब, हा काय बरोबर नाय आला. कुनी वळखत नाय. आत्या अशी नव्हती."

"अशीच होती. मी काढलाय तो."

"आता असं बगा. आजीचा फोटो लावल्यापासून सगला गाव बोलतो, आत्या हुबेहूब आजीसारकी. आमी हा फोटो आजीच्या फोटोजवल धरून बगितला. कायपन मेल नाय!"

टिपणिसांनी तोंड उघडलं. खरं सांगावं तर भिंतीवरची आजीही खाली उतरली असती. त्यांनी ते मिटलं.

"जरा ब्रश मारा की," पंढरी म्हणाला.

"नाही. तिला वचन दिलंय."

"मंग ट्रंकेतली बगा कोनतरी. परवा बारावा हाय."

वचन ब्रशापुरतं होतं. टिपणिसांनी खुर्चीवाली काढून दिली.

बाराव्याला ते गेले. हार घातलेल्या त्या पेटी वाजवणाऱ्या बाईपुढे बायका ऊर फुटेस्तोवर रडत होत्या. "आत्याच गं! अगदी बोलल अशी!" पंढरीनं चारचौघांत टिपणिसांच्या हाताचं कौतुक केलं आणि लाडू वाढला.

दुकानात परतल्यावर त्यांनी शेवंताबाईचा खरा फोटो फ्रेममधून काढला आणि ट्रंकेत, खुर्चीवालीच्या रिकाम्या जागी ठेवला. मग सवयीनं ते तिचं आयुष्य रचायला बसले. पण हिचं रचायचं कशाला? ही तर माहितीतली. ती चहात साखर जास्त घ्यायची. तिला भाऊ होता. मिठागरावर एकदा काहीतरी झालं होतं.

काय झालं होतं, ते त्यांनी चार वर्षांत विचारलं नव्हतं.