बँकॉकच्या बोटीत धरलेली जागा

बँकॉकला मी चार दिवस होतो. तीन दिवस शहर पाहिलं आणि चौथ्या दिवशी एका पिशवीचा पाठलाग केला. "सर, बँकॉकमध्ये काय काय पाहिलं?" असं कुणी विचारलं की मी प्रामाणिकपणे सांगतो, "निघून जाणारी बोट."

या प्रवासाचं मूळ बोंडअळीत आहे. माझा मेहुणा गजानन याचं राळेगावला कृषी केंद्र आहे. गेल्या हंगामात त्याने एका कंपनीचं अळीनाशक इतकं खपवलं की कंपनीने खूश होऊन त्याला चार माणसांची बँकॉक सहल दिली. (अळ्या होत्या तिथेच आहेत. त्यांना कुणी कुठे नेलं नाही.) चार माणसं म्हणजे गजानन, त्याची आई म्हणजे माझ्या सासूबाई, त्याची बहीण म्हणजे माझी बायको शोभा, आणि बहिणीबरोबर न्यावाच लागतो म्हणून मी. गजाननाची बायको मुलाच्या दहावीसाठी घरी राहिली. आमच्यात सगळ्यांत सुखी तीच झाली.

निघण्याआधी निरोप समारंभ झाला. चार दिवसांसाठी निरोप समारंभ! दुकानासमोर 'विदेश दौऱ्यास हार्दिक शुभेच्छा' असा फ्लेक्स लागला. त्यावर आमचे चार चेहरे, एक विमान आणि अळीनाशकाची बाटली. बाटली विमानापेक्षा मोठी होती. गावातल्या एका पुढाऱ्याने "आपल्या राळेगावचं नाव सातासमुद्रापार चाललं आहे" असं गदगदून सांगितलं. वाटेत एकच लागतो, आणि तोही उपसागर, हे मी शेजारच्याच्या कानात सांगितलं. त्याने टाळ्या वाजवल्या. पुढाऱ्यासाठी.

मग मला बोलायला उभं केलं. भपक्याचा मला तिटकारा आहे. पण माईक हातात आला की तो तिटकारा काही काळ बाजूला ठेवावा लागतो. मी राळेगावच्या शाळेत अठ्ठावीस वर्षं इतिहास शिकवला. त्यामुळे सुवर्णभूमीला गेलेल्या प्राचीन व्यापाऱ्यांपासून सुरुवात करून मी पंचवीस मिनिटांत शिस्तीवर आलो. "परदेशात आपलं वागणं हीच आपली ओळख! तिथे रांगेत उभं राहायचं. जागेसाठी धावायचं नाही. खिडकीतून रुमाल टाकणं, पिशवी टाकणं, हे सगळं यवतमाळच्या स्टँडवरच सोडून जायचं!" गजाननाने हे भाषण मोबाईलवर पूर्ण टिपलं. आयुष्यात माझं कुणी इतकं लक्षपूर्वक ऐकलं नव्हतं, म्हणून मी तेव्हा खूश झालो.

इथे एक कबुली द्यायला हवी. मी राहतो यवतमाळला. अठ्ठावीस वर्षं मी राळेगावला एस.टी.ने अप-डाऊन केलं. गाडी स्टँडवर शिरली की ती थांबायच्या आत खिडकीतून काहीतरी आत टाकायचं, आणि मग दाराच्या गर्दीत सावकाश घुसायचं. ज्याचा रुमाल, त्याची सीट. या निकालावर कुठल्याही कोर्टात अपील नाही. मी रुमाल टाकले, टोपी टाकली, छत्री टाकली, सहामाहीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा टाकला, एकदा तर सहकाऱ्याचा डबा टाकला (त्यात रस्सा नसता तर बरं झालं असतं). नेम कधी चुकला नाही. इतिहासाचा शिक्षक म्हणून मला कुणी ओळखत नसे. पण तिसऱ्या खिडकीतून डाव्या हाताने जागा धरणारे सर म्हणून अख्खा स्टँड ओळखायचा.

तर बँकॉक. पहिले तीन दिवस आम्ही गाइडच्या हातातल्या झेंडीमागे फिरलो. उंच इमारती, सोन्याची शिखरं, आणि त्या दोन्हींच्या मधोमध न हलणाऱ्या गाड्या. सासूबाई सगळं शांतपणे पाहत होत्या. नदी पाहिल्यावर मात्र म्हणाल्या, "एवढं पानी! अन् कोनी भांडून नाई राह्यलं?"

चौथ्या दिवशी संध्याकाळचं विमान होतं. गाइडने बजावलं, तीनच्या ठोक्याला हॉटेलवरून बस सुटेल, कुणासाठी थांबणार नाही. सकाळ मोकळी होती, म्हणून नदीवरच्या बोटीतून एक चक्कर मारायचं ठरलं. माझ्या खांद्याला कंपनीने दिलेली हिरवी कापडी पिशवी होती. तिच्यावर पाय वर करून मेलेली एक गुलाबी बोंडअळी छापलेली. आत चौघांचे पासपोर्ट, कारण गजानन म्हणाला होता, "भाऊजी, आपल्यात शिकलेले तुमीच. पासपोर्ट तुमच्यापाशीच शोभते." शिवाय सासूबाईंची जवसाच्या चटणीची बरणी. आणलेल्या तीन बरण्यांतली ती शेवटची.

धक्क्यावर उभं राहून मी घरच्यांना समजावून सांगत होतो. "ही बोट म्हणजे इथली एस.टी. मागच्या बाजूने चढायचं. शिट्टी वाजते, दोर टाकतात, अर्धा मिनिट थांबते, सुटते. पण पाहा, रांग किती सुंदर आहे!" रांग खरोखर सुंदर होती आणि मी तिच्यात तिसरा होतो. गजानन व्हिडिओ घेत होता.

तेवढ्यात बोट आली. लांबलचक, उघड्या खिडक्यांची. धक्का डुलला, मागून कुणाचा तरी कोपर लागला, शिट्टी वाजली, आणि शोभा ओरडली, "अहो, खिडकीची जागा!"

त्यानंतर माझा हात माझा राहिला नाही. अठ्ठावीस वर्षं तो ज्या कामाला लावला होता, ते त्याने केलं. पिशवी खांद्यावरून सुटली, दोन थाई डोक्यांवरून गेली, तिसऱ्या खिडकीतून आत शिरली आणि सीटवर सरळ बसली. अळी बाहेर तोंड करून!

"वा भाऊजी! काय फेकली!" गजानन म्हणाला.

खोटं कशाला बोलू, क्षणभर मलाही अभिमान वाटला. मग मी दाराकडे वळलो. पण एस.टी. आणि बोट यांत एक फरक मी व्याख्यानात सांगितला नव्हता. एस.टी.चा कंडक्टर थांबतो. शिव्या देतो, पण थांबतो. इथे मी मागच्या टोकाला पोचेपर्यंत रांग चढून गेली, दोर सुटला, शिट्टी वाजली, आणि बोट नि धक्का यांच्यामध्ये हातभर पाणी दिसलं. मग दोन हात. मग नदी.

"अहो, पिशवी?" शोभाने विचारलं.

"जागा धरली," मी म्हणालो.

"कोनासाठी? आपन तर चौघंबी अठीच हाओ!"

सासूबाईंनी बोटीकडे पाहत उसासा सोडला. "जवाईबापू, त्याच्यात माही चटनी होती."

"बाई, त्याच्यात पासपोर्ट होते!" मी म्हणालो.

"पासपोर्ट सरकार पुन्ना देते. चटनी कोन देते?"

तिकिटाच्या खिडकीत एक बाई होत्या. मी इंग्रजीत सुरुवात केली. त्या गोड हसल्या. या भाषेत संस्कृत शब्द भरपूर आहेत असं मी वाचलं होतं, म्हणून मी संस्कृतात शिरलो. असतीलही भरपूर, त्या खिडकीपर्यंत आले नव्हते. शेवटी खुणांवर आलो. पिशवी हिरवी, म्हणून झाडाचं पान दाखवलं. पिशवीवर अळी, म्हणून बोट वळवळवलं आणि उलटं करून मारून दाखवलं. बाईंचा चेहरा एकदम उजळला. त्या खिडकीतून बाहेर आल्या, माझी बाही धरून मला लगबगीने धक्क्याबाहेर घेऊन गेल्या आणि एका गाड्यासमोर उभं केलं. गाड्यावर परातभर तळलेल्या अळ्या होत्या!

गजाननाने वाकून व्यवसायाच्या नजरेने पाहिलं. "भाऊजी, हे आपली बोंडअळी नोहे. पन पाहा, या लोकाईनं फवारनी न करता संपवली! हे जर आपल्या शेतकऱ्याईले समजलं, तं माहं दुकान बंद."

"गज्या, तो मोबाईल ठेव," शोभा म्हणाली, "नाई तं त्याचीबी जागा धरते नदीत!"

मग सासूबाई पुढे झाल्या. "सरका जवाईबापू. तुमी लय शिकलेले हा." त्यांनी गजाननाच्या पाठीवरची सॅक काढली, धक्क्यावरच्या बाकावर जोरात फेकली, तिला हात हलवून टाटा केला, माझ्याकडे बोट दाखवलं आणि कपाळावर हात मारला. तिकीटवाल्या बाईंना एका सेकंदात सगळं कळलं. त्यांनी ते आणखी तिघींना सांगितलं. चौघी हसल्या. मग वॉकीटॉकीवर बोलणं झालं, तिकडूनही हसण्याचा आवाज आला. बाईंनी नदीच्या वरच्या दिशेला हात केला: शेवटचा धक्का, तिथे जा.

दोन मिनिटांत शेजारच्या फळीला एक बोट लागली. मी म्हणालो, "चला!" तिकीटवाल्या बाई दोन्ही हात जोरजोरात हलवू लागल्या. किती अगत्यशील लोक, असं म्हणत मीही हात हलवून त्यांचा निरोप घेतला. बोट सरळ समोरच्या काठाला गेली आणि थांबली. ती फक्त नदी ओलांडणारी होती. मागे वळून पाहिलं तर बाई पलीकडे अजूनही हात हलवत होत्या. आम्ही त्याच बोटीने परत आलो. आता त्यांनी हात हलवला नाही. नुसतं पाहिलं.

योग्य बोट मिळाली तेव्हा एक वाजत आला होता. अर्थातच आम्ही उभे होतो. जागा कशी धरायची हे कुणीच कुणाला विचारलं नाही. धक्क्यामागून धक्के जात होते. पाचव्याला शोभा म्हणाली, "अठीच राह्यचं झालं तं तुमाले इथल्या शाळंत इतिहास शिकवता येईन काय?"

"भाषा कुठे येते मला?"

"त्याचं काई नाई. राळेगावच्या पोराईलेबी कुठं समजत होतं."

गजानन कंपनीच्या ग्रुपवर काहीतरी पाठवत होता. मी विचारलं, काय पाठवतोस? तो म्हणाला, "काई नाई भाऊजी, मदत मागून राह्यलो." ग्रुपवर आलेल्या उत्तरांत हसून डोळ्यांतून पाणी येणारे चेहरेच फार होते, हे मला ओझरतं दिसलं.

शेवटचा धक्का आला. तिथे एक लांब बाक होता आणि त्याच्याभोवती गर्दी उभी होती. बाकावर दाटीवाटीने माणसं बसलेली. मध्ये एक म्हातारी, पायाशी भाजीची टोपली. तिच्या शेजारी एका माणसाची ऐसपैस जागा अडवून आमची पिशवी बसली होती. बोटीतून तिने ती आपल्याबरोबर उतरवून घेतली असावी. आम्ही पाहत असतानाच एक पॅन्टशर्टातला गृहस्थ आला आणि पिशवी सरकवून टेकू लागला. म्हातारीने पिशवीवर पंजा ठेवला आणि त्याला काहीतरी खणखणीत सुनावलं. मला त्यातला एकही शब्द कळला नाही आणि वाक्य पूर्ण कळलं. अठ्ठावीस वर्षं मी तेच ऐकत आलो होतो.

"कोनीतरी येऊन राह्यलं म्हन्ते!" सासूबाई आनंदाने ओरडल्या.

मी पिशवीला हात घातला. म्हातारीने माझ्याही हातावर चापट मारली! मग तिने पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि रिकाम्या जागेवर थोपटलं. आधी बसा. मी बसलो. सगळा धक्का माझ्याकडे पाहत होता. मी बसल्याची खात्री झाल्यावर तिने पिशवी माझ्या हाती दिली. पासपोर्ट चारही होते. मी हात जोडले, तिनेही जोडले. पण तिचं आणि सासूबाईंचं खरं बोलणं नंतर झालं. एक वऱ्हाडीत बोलत होती, दुसरी थाईत, आणि विषय मी होतो एवढं दोघींच्या नजरेवरून कळत होतं. निघताना सासूबाईंनी पिशवीतली बरणी काढली आणि म्हातारीच्या टोपलीत ठेवली.

"बाई, चटणी?" मी म्हणालो.

"राहू द्या. तिनं जागा धरली आपली."

हॉटेलवर पोचलो तेव्हा तीनला पाच मिनिटं कमी होती. बसमध्ये आमच्याच सहलीतले, त्याच ग्रुपवरचे चाळीस कृषी केंद्रवाले बसले होते. मी पायरी चढताच सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि तिसऱ्या खिडकीची सीट माझ्यासाठी मोकळी ठेवली होती. तिच्यावर रुमाल होता.

गावी पोचेपर्यंत गजाननाने दोन व्हिडिओ जोडले होते. आधी माझं भाषण, "पिशवी टाकणं हे यवतमाळच्या स्टँडवरच सोडून जायचं!" आणि लगेच पिशवी, सावकाश, हवेत तरंगत. तालुक्यात ज्याच्याकडे मोबाईल आहे त्याने तो व्हिडिओ पाहिला. ज्याच्याकडे नाही त्याला शेजाऱ्याने दाखवला.

तरी राळेगावला आमचा सत्कार ठरलाच. पुन्हा फ्लेक्स, पुन्हा पुढारी. मला विषयही दिला होता: 'परदेशातील शिस्त'. शोभा आदल्या दिवशीच माहेरी गेली होती. मी यवतमाळच्या स्टँडवर एकटा गेलो आणि मनाशी ठरवलं, आजपासून काहीही टाकायचं नाही. गाडी लागली. मी रांगेत उभा राहिलो. रांगेत मी एकटाच होतो. बाकीचे गाडीत होते. आत शिरलो तर एकच सीट रिकामी, आणि तिच्यावर चौकटीचा रुमाल.

पूर्वीचा मी असतो, तर "कोनाचा हाय हा?" असं मोठ्याने विचारून उत्तराआधीच बसलो असतो. पण मला ती म्हातारी आठवली. मी त्या सीटशेजारी पहारेकऱ्यासारखा उभा राहिलो. कळंबला गर्दी चढली. तीन जणांनी बसायचा प्रयत्न केला. तिघांनाही मी ठामपणे सांगितलं, "कोणीतरी येऊन राह्यलं." एकजण मला काहीबाही बोलला. मी सहन केलं. राळेगावपर्यंत कुणी आलं नाही.

उतरताना कंडक्टर आला. त्याने तो रुमाल उचलला, झटकला आणि मान पुसली.

"हा तुमचा आहे?" मी विचारलं.

"हो ना सर. धुतला होता, वाळत घातला."

"मग मी उभा आहे हे दिसत नव्हतं तुम्हाला?"

"दिसत होतं ना! पन मी म्हटलं, सर आता परदेशातून आले. यष्टीत कायले बसतीन!"

सत्काराला मी वेळेवर पोचलो. शिस्तीवर पंचवीस मिनिटं बोललो. बसून.