दिवाळीत पुसलेल्या रेघा

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पंचवटीच्या बाजारात मी पस्तीस वर्षं पालेभाजी विकली. फटकळ बाई म्हणून बाजार मला ओळखायचा. हे आधीच सांगते, कारण जेव्हा तोंड उघडायला हवं होतं तेव्हा मी गप्प बसले.

डाव्या छातीतली गाठ काढली, केमो झाली, केस गेले, मग शेक सुरू झाला. शेक म्हणजे मशीनखाली झोपून किरणं घ्यायची. आठवड्यातले पाच दिवस. किरणं नेमक्या जागी पडावीत म्हणून छातीवर जांभळ्या शाईने रेघा मारतात. त्या पुसू द्यायच्या नाहीत. तिथं पाणी नको, साबण नको, तेल नको. हे सगळं एका कागदावर असतं आणि कागद इंग्रजीत. माझ्या सुनेनं मला तो वाचून दाखवला.

शेकाच्या खोलीबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी एक बाई बसायची. दिंडोरीकडची, द्राक्षाच्या बागेत मजुरी करणारी, चाळिशीही न झालेली. सकाळच्या एसटीने नवऱ्याबरोबर यायची. मला मावशी म्हणायची.

"मावशी, बागेत फवारणी असली की आम्ही तोंडाला फडकं बांधून लांब पळायचो," ती एकदा म्हणाली. "इथं मलाच झोपवून फवारत्यात."

मी हसले. तिथं हसायला फार काही नसायचं.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर ती आली, नंबर लागला, आत गेली आणि लगेच मशीनवाल्याचा आवाज बाहेर आला. माणसाला झोपवून रेघा जुळवेपर्यंत त्या खोलीचं दार अर्धं उघडंच असायचं.

"रेघा कुठे गेल्या? अंघोळ केली? अक्कल आहे का? इतक्या दिवसांची आमची मेहनत पाण्यात घातली!"

ती काहीतरी हळू बोलली.

"सासूनं घातली? मग सासूलाच सांग शेक द्यायला."

तिनं मला नंतर सांगितलं, पहिल्या अंघोळीच्या पहाटे सासूने तिला पाटावर बसवून तेल लावलं होतं, उटणं लावलं होतं, कढत पाण्याने स्वतःच्या हाताने घासून काढलं होतं. आजारी सुनेला सणाच्या दिवशी कोरडी ठेवायची, हे सासूला पटलंच नव्हतं. सुनेनं नको म्हटलं, तर म्हातारी रडायला लागली. मग हिनं अंग पुढं केलं. तो कागद घरात कोणालाच वाचता येत नव्हता.

ती ब्लाउजची बटणं लावत बाहेर आली. बाकावर आम्ही सात-आठ जण होतो. सगळ्यांनी ऐकलं होतं. कोणी काही बोललं नाही. मीही नाही. पुढचा नंबर माझा होता. मला त्याच माणसाच्या हाताखाली झोपायचं होतं.

रेघा पुन्हा मारायच्या तर सगळी मापं पुन्हा घ्यावी लागतात. तिला सोमवारी बोलावलं. सोमवारी संध्याकाळपर्यंत बसवलं आणि उद्या या म्हणाले. दुसऱ्या दिवशीही तेच. जाताना ती मला म्हणाली, "परक्या माणसापुढं उघडं व्हायचं ते व्हायचं, वर शिव्या खायच्या. नाय मावशी. आता मला नाय जमायचं."

"जीव प्यारा आहे ना? मग लाज घरी ठेवून येत जा," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्याही नाही. माझं बोलणं त्या मशीनवाल्याच्या बोलण्यापेक्षा फार वेगळं नव्हतं, हे मला घरी भाजी निवडताना कळलं.

चौथ्या दिवशी मी बाकावरच्यांना म्हटलं, मोठ्या डॉक्टरांकडे चला. एक रिटायर मास्तर होते, घशाचा आजार, आवाज बसलेला. ते कुजबुजले, "आजी, मशीन त्याच्या हातात आहे. आपल्यावर राग काढला तर?" त्यांची बायको म्हणाली, "तुमचे चारच दिवस राहिलेत, गप बसा." कोणाची सून मध्ये पडली, कोणाला बस गाठायची होती. शेवटी तिघं आलो. मी, एक शिवणकाम करणारी बाई आणि बायकोकडे न बघता उठलेले मास्तर.

डॉक्टर वाईट नव्हते. दमलेले होते. म्हणाले, "आजी, दिवसभर मशीनला उसंत नाही. माणूस चिडतो."

"चिडू दे," मी म्हणाले. "आम्हीही चिडतो. पण आम्ही त्याला उघडं करून चिडत नाही."

मग मी सांगितलं. कागद मराठीत द्या. घरात जी बाई अंघोळीचं पाणी काढते तिलाही बोलावून सांगा. दार लावून घ्या. आणि दिंडोरीच्या बाईला परत बोलवा. मास्तरांनी हे सगळं चांगल्या अक्षरात लिहून आणलं होतं. खाली तीनच सह्या होत्या. डॉक्टरांनी कागद ठेवून घेतला. "तिला आणा, मी स्वतः बघतो," म्हणाले.

मी दवाखान्यातून फोन लावला तर सासूने उचलला. "सून येत नाय, जडीबुटी चालू केली हाय," म्हणाली आणि ठेवला. मग माझा शेक आटोपल्यावर मीच एसटीत बसले. गावात पोचले तर ती ओट्यावर बसली होती. गळ्याभोवती स्कार्फ. खोकत होती. सासू मला बघून आत गेली, परत आली आणि न विचारताच बोलली, "माझ्यामुळं झालं ना बाई? मला काय ठावं, अंघोळीनं माणूस मरतं म्हणून?"

"अंघोळीनं कोणी मरत नाही," मी म्हणाले. "सुनेला पाठवा."

मी सुनेची माफी मागितली नाही. मला ते येत नाही. मी तिला म्हटलं, "तू येशील त्या दिवशी मी दारात उभी राहीन. तो ओरडला तर आधी मला ओरडेल."

ती दोन दिवसांनी आली. तोवर दाराला कडी बसली होती आणि मशीनवाला तिला ताई म्हणाला. मला वाटलं, झालं काम. डॉक्टरांनी तिला तपासलं, स्कार्फ काढायला लावला, मानेला बराच वेळ बोटं लावून पाहिलं. एक तपासणी करून आणायला सांगितली. तिचा रिपोर्ट आला त्या दिवशी डॉक्टरांनी नवऱ्याला एकट्याला आत बोलावलं. तो बाहेर आला तो सरळ जिन्याकडे गेला.

ती माझ्याकडे वळली. "मावशी, मला मशीनमधी का नाय घेतलं? आता माझं काय चुकलं?"

मला सगळं माहीत नव्हतं. पण तिच्या मानेत डॉक्टरांच्या हाताला नवीन गाठ लागल्याचं तिनंच सांगितलं होतं, नवऱ्याचं तोंड मी पाहिलं होतं, आणि एवढं कळायला शाळा लागत नाही. "तुझं काही चुकलं नाही," मी म्हणाले. "आजार पुढं गेला असावा. नवरा तुला खरं सांगणार नाही. तू आत जा आणि विचार."

ती उठली, पदर कमरेला खोचला आणि नंबर नसताना डॉक्टरांच्या खोलीत गेली. "यांना सांगितलं ते मला सांगा. आजार माझा हाय." एवढं आम्हाला ऐकू आलं. मग आतून दार लागलं.

शेक थांबलेल्या दिवसांमुळे असं झालं का, हे मी नंतर डॉक्टरांना विचारलं. तसं म्हणता येत नाही, असं ते म्हणाले. होय की नाही, ते मला आजवर कळलेलं नाही.

ती बाहेर आली तेव्हा डोळे कोरडे होते. दुखणं कमी करायची औषधं देणार, शेक नाही, असं म्हणाली. "किती दिवस, ते बी विचारलं. त्यांनी सांगितलं," म्हणाली. किती, ते मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. नवरा अजून जिन्यात बसला होता. ती त्याला उठवायला गेली.