गेनूबाबांचा झीलकरी

"हा कोन माझ्या मागून म्हनून राह्यलाय?"

गेनूबाबांनी कानांवरचा हेडफोन काढला, उलटसुलट करून पाहिला आणि काचेतून माझ्याकडे रोखून बघितलं. रेकॉर्डिंगच्या खोलीत ते एकटेच होते. हातात तुणतुणं, समोर माइक.

"कोणी नाही, बाबा. तुमचाच आवाज आहे."

"माझा आवाज मला ठाऊक हाय, ताई. हा मागून येऊन राह्यला. मी म्हनलो की मंग म्हनतो."

माझ्याशेजारी खुर्चीवर मांडी घालून बसलेला दादा म्हणाला, "भूत असंल बाबा. कॉम्प्युटर सेकंडहँड हाय."

हा सोमवार होता. बुधवारी गेनूबाबांचे सगळे दात काढायचे होते. त्याच्या आत रेकॉर्डिंग झालं नसतं, तर पुन्हा कधीच झालं नसतं.

जालन्यात आमचं कॅसेटचं दुकान होतं आणि मागच्या दोन खोल्यांत स्टुडिओ. स्टुडिओ म्हणजे एका खोलीच्या भिंतींना गोणपाट ठोकलेलं, मधल्या भिंतीला काच, आणि काचेच्या अलीकडे आम्ही दोघं बहीणभाऊ. दुकान आणि स्टुडिओ दोन्ही दादाचे. दहावीनंतर तो थेट धंद्यात पडला. मी इलेक्ट्रॉनिक्समध्ये बीएस्सी केलेलं, म्हणून मशिनं माझ्याकडे आणि माणसं त्याच्याकडे अशी वाटणी होती. दादा मागच्या श्रावणात गेला. तो असता तर हा प्रसंग त्यानंच सांगितला असता, आणि त्यात मूर्ख मीच ठरले असते.

तोवर आम्ही कॅसेट डेकवर रेकॉर्डिंग करायचो. जीपवर फिरवायच्या जाहिराती, लग्नातली गाणी, उमेदवारांची आवाहनं. शेवटच्या ओळीला चूक झाली की पुन्हा पहिल्यापासून. कॉम्प्युटरवर चुकलेला तुकडा तेवढा बदलता येतो, हे वाचून मी दादाच्या मागे लागले आणि आम्ही इंटरफेस घेतला.

इंटरफेस म्हणजे काय ते सांगते. माइकमधून येते ती वीज, अगदी बारीक. कॉम्प्युटरला वीज कळत नाही, आकडे कळतात. मधे एक दुभाषा लागतो. माइकचं बोलणं आकड्यांत करून आत पाठवायचं आणि आतले आकडे पुन्हा आवाज करून हेडफोनला द्यायचे, हे त्याचं काम. आमचा दुभाषा जेवणाच्या डब्याएवढा होता. दुकानात त्याचं नाव डबाच पडलं.

गेनूबाबा हसनाबादकडचे गोंधळी. गोंधळाच्या सुरुवातीला देवांना नावं घेऊन बोलावतात, त्याला आवतन म्हणतात. बाबांच्या घराण्याचं आवतन लांबलचक होतं. पिंपळगावच्या रेणुकाईपासून निघायचं आणि वाटेतल्या गावागावांतल्या देव्या, म्हसोबा, एक पीरसुद्धा, सगळ्यांना क्रमानं बोलावत जाफराबादच्याही पुढे जायचं. हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. बाबांचा मुलगा काळीपिवळी जीप चालवायचा. त्याला पाशिंजर बोलावता यायचं, देवी नाही.

आणि दात तर सगळेच हलत होते. बुधवारी जालन्यात फुकट कवळ्यांचं शिबिर होतं, त्यात बाबांचं नाव लागलं होतं. आधी दात काढणार, मग दोनतीन महिन्यांनी कवळी. बोलणं पहिल्यासारखं राहणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलेलं.

"आमच्या गल्लीतल्या यशवंताचे दात गेले," बाबा म्हणाले, "आता तो सटवाईला फटवाई म्हनतो. त्याचं चालतंय, तो किराणा इकतो. माझं कसं चालंल? नाव चुकलं तर देवी येत न्हाई."

"अन् भलतीच कोनी आली तर?" दादानं विचारलं.

"तेच म्हनून राह्यलो ना!"

बाबा गंभीर होते.

डबा आदल्या दिवशी, रविवारी, आम्ही जोडला होता. त्याच्या वायरीच्या भोकावर एक लाल स्टिकर होतं. आधी सीडी टाका, मग वायर जोडा, असं त्यावर इंग्रजीत लिहिलेलं. मी सीडीचं पाकीट उघडून माहितीपुस्तक वाचत बसले होते. तेवढ्यात दादानं स्टिकर सोललं, टेबलफॅनला चिकटवलं आणि वायर खुपसली. कॉम्प्युटरनं टुंग केलं. नवीन यंत्र सापडलं, वापरायला तयार आहे, अशी पाटी आली.

"बघ शहाणे," दादा म्हणाला. "तू बस सीडी सीडी करत."

चालू झालेल्या मशिनला हात लावू नये, असा आमच्याकडे नियम होता. मी पुस्तक मिटलं.

मग माइक लावला तर घूंऽऽ असा आवाज. हे अर्थिंगचं दुखणं. मशिनांमधली भटकी वीज जमिनीत जावी म्हणून घरामागे खड्ड्यात एक पत्रा पुरलेला असतो. मे महिन्यात जमीन कोरडी ठणठणीत झाली की ती वीज घेत नाही, आणि मग ती माइकमधून गुणगुणते. उपाय साधा, खड्ड्यात मीठ आणि पाणी. पण टँकर आठ दिवसांनी यायचा. दादानं मोरीच्या तोंडाशी घमेलं लावून स्वतःच्या अंघोळीचं पाणी धरलं, त्यात घरातलं सगळं मीठ टाकलं आणि खड्ड्यात ओतलं. घूं थांबलं. त्या आठवड्यात आमच्या आवाजाची स्वच्छता दादाच्या अंघोळीवर अवलंबून होती आणि त्याबद्दल त्यानं मला रोज ऐकवलं.

तर सोमवारी बाबा हेडफोन लावून बसले आणि मागून कोणीतरी म्हणायला लागलं.

मी सांगितलं, लक्ष देऊ नका, म्हणत राहा. बाबांनी मान हलवली. पुढची ओळ म्हटली, थांबले, कान दिला, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"हां! झील धरून राह्यला की बेटा!"

झील म्हणजे मुख्य गाणाऱ्याच्या ओळीचे शेवटचे शब्द मागच्यानं उचलायचे. तो मागचा माणूस झीलकरी. बाबांचा झीलकरी त्यांचा चुलतभाऊ नामदेव. उभा जन्म मागे उभा राहिला आणि त्या वर्षी पुण्याला लेकाकडे जाऊन वॉचमन झाला. तेव्हापासून बाबा एकटे गात होते आणि चिडचिड करत होते. आता डब्यातून आवाज अर्ध्या सेकंदानं मागे यायचा. त्यामुळे बाबांची ओळ संपली की तिचं शेपूट त्यांना पुन्हा ऐकू यायचं. त्यांनी ते झील म्हणून धरलं. आणि झीलकऱ्याला तोडायचं नसतं, त्याला पुरतं म्हणू द्यायचं असतं. बाबा थांबायचे. पुढची ओळ जरा सावकाश घ्यायचे, म्हणजे त्या बिचाऱ्याला गाठता येईल. तोही तेवढाच सावकाश यायचा. मग बाबा आणखी सावकाश.

दहाव्या गावाला धावतं गाणं चालायला लागलं. पंधराव्याला खाली बसलं. विसाव्याच्या आसपास बाबांनी हात टेकले.

"लई आळशी हाय हा. नामदेवापेक्षा आळशी."

मी रेकॉर्डिंग लावून ऐकवलं. त्यात झील नव्हतीच, ती फक्त हेडफोनात होती. इथे नुसत्या फटी. ओळ, शांतता, तुणतुण्याचं एक टुंग, पुन्हा शांतता.

"हे आवतन हाय का ट्रंककॉल?" दादा म्हणाला.

एव्हाना मला दुखणं कळलं होतं. याला लेटन्सी म्हणतात. आवाज डब्यातून आत जाऊन, आकडे होऊन, परत बाहेर यायला लागणारा वेळ. डब्याच्या सीडीत त्याचा स्वतःचा ड्रायव्हर होता, म्हणजे कॉम्प्युटरनं त्याच्याशी कसं वागायचं याच्या सूचना. आम्ही वायर आधी खुपसल्यामुळे कॉम्प्युटरनं स्वतःचाच एक सामान्य ड्रायव्हर लावून घेतला होता. तो काम करतो, पण रमतगमत.

"म्हंजे स्टिकर बराबर होतं?" दादानं विचारलं.

"स्टिकर बराबर होतं."

"मंग ते मराठीत लिहायचं ना."

बाबांना चहाला पाठवून मी जुना ड्रायव्हर काढला, कॉम्प्युटर बंद-चालू केला, सीडी टाकली, पुन्हा बंद-चालू केला आणि मग वायर जोडली. स्वतः आत माइकसमोर बसून, हेडफोन लावून एक ते दहा म्हटलं. आवाज तोंडातून निघाला तेव्हाच कानात. मला इतका आनंद झाला की मी काचेवर टकटक करून दादाला खूण केली.

बाबा आले, बसले, सुरू झाले. रेणुकाई झाली, दुसरं गाव झालं, आणि तिसऱ्या गावाशी थांबले.

"झीलकरी कुठं गेला?"

"काढला, बाबा. तो फॉल्ट होता."

"फॉल्ट असू दे की. नामदेव काय फॉल्ट नव्हता व्हय? पन होता ना मागं!"

"तुम्ही तसंच म्हणा. नंतर आपण—"

"ताई, तुला कळून न्हाई राह्यलं." बाबांनी तुणतुणं मांडीवर आडवं ठेवलं. "तो झील धरतो तवा मला म्होरचं गाव आठवतं. दोन शब्दांपुरती सवड भेटते. झील न्हाई तर गाव न्हाई."

त्यांनी तीनदा करून पाहिलं. तिन्ही वेळा चौथ्या-पाचव्या गावाशी रस्ता चुकले. एकदा तर थेट जाफराबादला पोचले आणि मधल्या सगळ्या देव्या उपाशी राहिल्या. चौथ्यांदा त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मी माइक बंद केला.

रात्री ते जालन्यातच एका नातेवाइकाकडे राहिले आणि मंगळवारी सकाळी परत आले. लोडशेडिंगमुळे लाइट एक वाजता जाणार होती. संध्याकाळी परत आली असती, पण बाबांना चारलाच शिबिरात भरती व्हायचं होतं. बाबा खोलीत गेले, वळले, आणि दादाकडे बोट केलं.

"तू ये आत."

"मी? मला गाता येत न्हाई, बाबा. बिलकुल न्हाई."

"नामदेवला तरी कुठं येत होतं?"

खरंच दादाला गाता येत नव्हतं. आयुष्यभर गाणी विकली, पण राष्ट्रगीताला शेजारचे लोक त्याच्याकडे वळून बघायचे. मी मनात हिशेब केला. डब्याला दोन माइक लागतात आणि दोन्ही वेगवेगळे रेकॉर्ड होतात. दादाचा माइक वेगळा ठेवला की नंतर त्याचा आवाज पुसता येईल, आणि त्या फटीत काहीतरी वाद्य भरता येईल.

"तुझा आवाज नंतर काढून टाकणार आहे," मी त्याला सांगितलं.

"काढ की. मी कुठं कॅसेट काढून राह्यलो!"

पहिल्या गावाला दादानं झील इतक्या जोरात उचलली की बाबा दचकले. दुसऱ्याला तो उशिरा आला. तिसऱ्याला बाबांना खोकला आला, दादानं तोही उचलला. बाबांनी हसू आवरलं नाही, पण गाव चुकलं नाही. मग हळूहळू दोघांची चाल जमली. सूर नाही, चाल. बाबा ओळ टाकायचे, दादा डोळे मिटून शेवटचे दोन शब्द ओढायचा, आणि त्या दोन शब्दांच्या आडोशाला बाबांना पुढचं गाव सापडायचं. विसावं गेलं, तिसावं गेलं. पीरही झाला. मी पडद्यावर आवाजाच्या रेघा पुढे सरकताना बघत होते.

जाफराबादशी लाइट गेली, ठरल्या वेळेच्या आधीच. यूपीएस टीं टीं करायला लागला. त्याची बॅटरी जेमतेम सात-आठ मिनिटांची. थांबा म्हणावं तर सगळं मोडणार. आत अंधारात तुणतुणं चालूच होतं. उरलेली गावं झाली, शेवटची आरोळी झाली, मी फाइल सेव्ह केली आणि कॉम्प्युटर बंद केला. दार उघडलं तर दोघं घामानं निथळत होते.

"आली का सगळी?" बाबांनी विचारलं.

"आली."

"मंग आता दात गेले तरी चालतील."

दुसऱ्या दिवशी दात गेले.

आता माझी फजिती. दादाचा माइक बंद करून ऐकलं, तर दादा तसाच. खोली लहान, त्याचा आवाज दांडगा, तो बाबांच्या माइकमध्ये सांडला होता. सांडलेला आवाज वेगळा करता येत नाही, निदान तेव्हा मला येत नव्हता. मी आठवडाभर झटले. दादाचा काढायला गेले की बाबांची देवी पातळ व्हायची. शेवटी तशीच कॅसेट केली.

तीन आठवड्यांनी बाबा आले. गाल आत गेलेले. त्यांनी तोंडावर उपरणं धरून अख्खं आवतन ऐकलं, बोटांवर गावं मोजत.

"फगळी आली," ते म्हणाले. "एकबी फुटली न्हाई."

मग उपरणं सावरून म्हणाले, "तेवढा झीलकरी लई बेफूर हाय."

दादा इतका हसला की त्याला ठसका लागला.

बाबा पुढे गोंधळाला ती कॅसेट घेऊनच जायचे. आवतन कॅसेटवर, बाकीचं ते स्वतः. त्या भागातल्या देव्या कित्येक वर्षं आमच्या दादाच्या बेसूर हाकेवर येत होत्या, आणि एकीनंही तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

दादा गेल्यावर मी कॉम्प्युटरमध्ये त्याचा आवाज शोधला. आवतनाशिवाय काहीच नव्हतं. खरं तर रोज सकाळी टेस्टिंगसाठी माइकसमोर उभा राहून तोच बोलायचा. हॅलो, चेक, एक दोन तीन, शहाणे ऐकू येतं का. शेकडो वेळा बोलला असेल. डिस्क लहान होती, म्हणून दर शनिवारी मी ते सगळं पुसून टाकायचे. ते काम मी फार नीटनेटकं केलं.

या धंद्यात नव्यानं येणाऱ्यांना एवढंच सांगते. टेस्टिंगच्या फायली पुसू नका. डिस्क भरली तर दुसरी घ्या.