बत्तीस जीबीत न मावलेलं कुत्रं

“सगळ्यात मोठं मेमरी कार्ड कोणतं हाय, थे दे,” गुलाबजी म्हणाले आणि त्यांनी ओली छत्री काउंटरवर आडवी ठेवली. छत्रीचं पाणी सरळ माझ्या कीबोर्डकडे निघालं.

माझं दुकान मोहाडीत, तहसीलच्या रस्त्यावर आहे. मोबाइल दुरुस्ती, रिचार्ज, ऑनलाइन फॉर्म आणि मेमरी कार्डात गाणी भरून देणं. भिंतीवर माझी बी.एस्सी.ची डिग्री लॅमिनेट करून लावली आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, म्हणून ती गिऱ्हाइकाला आल्या आल्या दिसेल अशीच लावली आहे. त्यात लाजायचं काय?

गुलाबजी आमच्या गावचे अठरा एकरवाले. धानाच्या रोवणीचे, म्हणजे भातलावणीचे दिवस होते. त्यांच्या शेतावर बारा बाया रोवणीला जात होत्या, त्यात माझी आई. दुकान टाकल्यापासून मी तिला चारदा सांगितलं, आता जाऊ नको. ती म्हणते, “घरी बसून तुया डिगरीकडे पाहत राहू का?”

गुलाबजींच्या काखेत बायांचा स्पीकर होता. डब्याएवढा, लाल, मी दुकानातूनच आईला दिलेला. त्यात कार्ड टाकलं की गाणी वाजतात. बाया तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, खुंटाला टांगतात आणि दिवसभर वाकून रोवणी करतात. काम सुटल्यावर गुलाबजींनी तो आईकडून ‘चार्ज करून देतो’ म्हणून मागून घेतला होता.

“कार्ड कायले पायजे, काकाजी?”

“बायायसाठी. माह्याकडून भेट.”

मी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. गुलाबजींनी याआधी कोणाला काही भेट दिल्याचं गावात कोणी ऐकलं नव्हतं.

“काहून, काकाजी? एकदम भेट?”

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. दुकानात दुसरं कोणी नव्हतं, तरी आवाज खाली आणला. “तीन दिवस धुऱ्यावर बसून पाह्यलं मी. दुपारी गाणी सरतात, अन् पहिलं गाणं फिरून येते. तेवढ्यात सगळ्या बाया कंबर सरळ करतात अन् शिदोऱ्या सोडून बसतात. कंटाळतात ना, तेच तेच ऐकून. गाणी सरलीच नाही, तं उठतीन कायले?”

मी सायन्सची विद्यार्थिनी. माणसाने तीन दिवस बसून निरीक्षण केलं होतं आणि ते निरीक्षण अगदी बरोबर होतं. निष्कर्ष चुकला होता, पण ते तेव्हा मलाही माहीत नव्हतं.

“चौसष्ट जीबी दे,” ते म्हणाले.

“हे मशीन बत्तीसच्या वर वाचत नाही.”

“मंग बत्तीसचे दोन टाक.”

“खाच एकच आहे, काकाजी.”

त्यांना मशीनचा राग आला. तो शांत होईस्तोवर मी हिशोब समजावला. वाचकांनाही सांगून ठेवते. साधारण पाच मिनिटांचं एक गाणं पाच एमबी जागा घेतं. हजार एमबीचा एक जीबी धरा, म्हणजे एका जीबीत दोनशे गाणी. बत्तीस जीबीत सहा हजारांच्या वर. ती वाजवायला पाचशे तास लागतात. स्पीकरची बॅटरी दिवसाला सहा तास चालते. म्हणजे रोज नवीन गाणी ऐकली तरी कार्ड सरायला अडीच-तीन महिने. रोवणी महिनाभरात आटोपते.

“पुरन ना?” गुलाबजींनी विचारलं.

“कापणीपर्यंत पुरेल.”

हा धंदा करताना मी एक गोष्ट शिकले आहे. ‘किती जीबी पाहिजे’ असं विचारलं की माणूस स्वतःची गाणी मोजत नाही. शेजाऱ्याच्या कार्डावर काय लिहिलं आहे ते आठवतो आणि त्याच्या दुप्पट सांगतो.

बदल्यात त्यांनी स्पीकरमधलं जुनं कार्ड मला दिलं. चार जीबीचं. उघडून पाहिलं तर आत फक्त बावन्न गाणी. आईने दोन वर्षांपूर्वी माझ्यामागे बसून एकेक सांगत भरून घेतलेली. चार जीबीत पाव जीबी भरलेला, बाकी सगळं रिकामं. आतल्या गाण्यांवर एक नजर टाकली. बावन्नावं उघडलं तर गावच्या दंडारीत, म्हणजे रात्रीच्या लोकनाट्यात, कोणीतरी मोबाइलवर केलेलं रेकॉर्डिंग. झीलकरी, म्हणजे मागून साथ गाणारे, वरच्या पट्टीत, कोणीतरी खोकतंय, आणि मधेच एक कुत्रं भुंकतं. तेही एकदा नाही, चांगलं तीनदा.

असला माल माझ्या दुकानातून जात नाही. मी ते गाणं नव्या कार्डात घेतलंच नाही. माझ्या हार्ड डिस्कमधली साफ आवाजाची गाणी निवडली, भीमगीतं, देवीची, लग्नाची, जुनी हिंदी, आणि कॉपी लावून घरी गेले. सकाळी आठला गुलाबजी स्पीकर घेऊन गेले. मी जुनं कार्ड फॉरमॅट केलं, म्हणजे पुसलं, एक फाइल टाकून चालतंय का पाहिलं आणि ड्रॉवरमध्ये ठेवून दिलं. व्यवस्थित काम झालं असं वाटलं.

संध्याकाळी आई घरी न जाता सरळ दुकानात आली. पायाला गुडघ्यापर्यंत चिखल. डिग्रीखालच्या स्टुलावर बसली आणि स्पीकर माझ्यासमोर आदळला.

“कुत्रं कुठं हाय?”

“कोणतं कुत्रं?”

“गाण्यातलं. दिवसभर वाट पाह्यली आम्ही. एक वाजला, दोन वाजले, कुत्रं भुंकूनच नाही रायलं. तुया डिगरीनं आज बारा बायायचा भात खाल्ला, सुषमे.”

मग एकेक गोष्ट बाहेर आली.

रोवणीत बाया एका ओळीत वाकून मागे मागे सरकतात. भूक सगळ्यांना लागते, पण पहिली कंबर सरळ करायला कोणी तयार नसतं. जिची कंबर आधी उठली तिचं नाव हंगामभर घेतलं जातं. ‘थकली वो थे’, ‘म्हातारी झाली वो थे’. पुढल्या वर्षी बोलावणं करतानाही ते आठवलं जातं. मोबाइल चिखलात कोणी नेत नाही, ढगात सूर्य दिसत नाही, आणि घड्याळ एकट्या गुलाबजींच्या मनगटावर. त्यांना वेळ विचारली तर नेहमी बाराच वाजलेले असतात.

स्पीकर आल्यावर बायांच्या लक्षात आलं की सकाळी नऊला सुरू केला की बावन्नावं गाणं सव्वा-दीडच्या सुमारास येतं. त्यात कुत्रं भुंकलं की सगळ्यांनी एकदम उठायचं. कोणी पहिली नाही, कोणी शेवटची नाही. कुत्र्याने उठवलं. दोन वर्षं हा कारभार बिनतक्रार चालला होता आणि धुऱ्यावर बसलेल्या मालकाला त्याचा पत्ता नव्हता.

“मंग आज कोणी उठलं?” मी विचारलं.

आई पायावरचा चिखल खरवडत म्हणाली, “तीन वाजता पार्बतामोठीमायच्या डोळ्यापुढं अंधारी आली. थे बसली, तवा आम्ही बसलो.”

पार्बतामोठीमाय साठीची. बाराजणींत तिचा हात सगळ्यात चपळ, ओळ तीच लावते. तिच्या शेजारी उभं राहायला तरण्या सुनाही कचरतात.

“घरी येता येता आमच्यातली लक्षी पोरीयले सांगत होती, मोठीमाय आता थकली म्हणून. मोठीमायनं ऐकलं. म्हणते, मी उद्या नाही येत. अन् थे नाही, तं आम्ही बी नाही.”

आता हे लक्षात घ्या. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, उपटून बांधीत, पाणी साचलेल्या वाफ्यात, टाकलेली. दोन दिवसांत नाही लावली तर पिवळी पडतात. बायांची हंगामाची मजुरी तिथेच अडलेली. आणि मोठीमायने चाळीस वर्षांत कमावलेलं नाव मी एका ‘क्वालिटी’पायी घालवलेलं. गुलाबजींना खरं सांगायचा प्रश्नच नव्हता. त्यांनी पहिलं काम कुत्र्याला मारायचं केलं असतं.

“जुनं कार्ड दे मंग,” आई म्हणाली.

“ते मी पुसलं, आई.”

तिने माझ्याकडे पाहिलं, मग वर भिंतीवरच्या डिग्रीकडे पाहिलं.

इथे थोडं तांत्रिक. कार्ड फॉरमॅट केलं म्हणजे सगळं जळून गेलं असं लोकांना वाटतं. तसं नसतं. पुस्तकाची अनुक्रमणिका फाडावी तसं होतं. पानं आत असतात, कुठल्या पानावर काय ते कळत नाही. वर नवीन काही लिहिलं नाही तोपर्यंत ती पानं शोधता येतात. त्यासाठी रिकव्हरीचं सॉफ्टवेअर असतं. ते मी लावलं. पंधरा-वीस मिनिटांत फायली यायला लागल्या. एकावन्न आल्या. पहिलं गाणं गेलं होतं, कारण मी तपासायला टाकलेली फाइल नेमकी त्याच्यावर जाऊन बसली होती. ते माझ्याकडे हार्ड डिस्कवर होतं. पण नावं सगळी उडाली होती. नुसते नंबर, तेही उलटसुलट.

आणि या स्वस्त स्पीकरची एक खोड आहे. तो गाणी नावाप्रमाणे वाजवत नाही. ज्या क्रमाने कार्डात कॉपी केली त्या क्रमाने वाजवतो. क्रम चुकला की कुत्रं सकाळी दहाला भुंकणार.

“आई, गाण्यांचा नंबर कसा लावायचा?”

“वाजव,” आई म्हणाली.

मी एकेक फाइल दोन सेकंद वाजवत गेले. आई शाळेत गेलेली नाही. ती डोळे मिटून सांगत होती. “हे सतरावं. हे याच्या मांगं. हे चहाच्या आधीचं. हे नऊ. याच्यावर लक्षी नेहमी चुकीचं म्हणते, हे तीस.” पाऊण तासात बावन्नच्या बावन्न रांगेला लागली. मी कॉलेजात इंडेक्सिंगवर दहा मार्कांचं उत्तर लिहिलं होतं, त्यात सात मिळाले होते. आईला दहा दिले असते.

शेवटची फाइल लावली. झीलकरी, खोकला, आणि मग कुत्रं. तिन्ही वेळा, शाबूत.

“हो,” आई म्हणाली. “हेच.”

मी बत्तीस जीबीचं कार्ड पूर्ण पुसलं, आधी बावन्न गाणी क्रमाने टाकली आणि त्यांच्या मागे हजारोंची पलटण पुन्हा कॉपीला लावली. गुलाबजींची भेट गुलाबजींच्या शब्दाप्रमाणेच राहिली. गाणी सरणार नव्हती. गिऱ्हाइकाला फसवलं असं कोणी म्हणू शकत नाही.

“अजून एक कर,” आई जाता जाता म्हणाली. “आज तीनपर्यंत ठेवलं ना त्यानं. कुत्रं दोन गाणे वर घे.”

मी कॉपी थांबवली, कार्ड पुन्हा पुसलं आणि कुत्रं पन्नासाव्या नंबरवर टाकलं.

दुसऱ्या दिवशी आई आणि लक्षी दोघी मोठीमायच्या घरी जाऊन, कुत्रं परत आलं असं सांगून तिला घेऊन निघाल्या. दुपारी मीही दुकान थोडं बंद करून, मोबाइलचं कव्हर द्यायचं निमित्त काढून त्या बाजूने गेले. पन्नासावं गाणं लागलं. कुत्रं भुंकलं. अकरा कंबरा एकदम सरळ झाल्या. बारावी झाली नाही. पार्बतामोठीमाय वाकूनच होती. हातातली जुडी पूर्ण लावून, पाय चिखलातून सावकाश काढत तिने विचारलं, “काहून वो लक्षे, थकली का?”

लक्षीने मुकाट्याने शिदोरी सोडली.

गुलाबजी धुऱ्यावर छत्रीखाली बसले होते. ते कधी स्पीकरकडे बघत होते, कधी बायांकडे. स्पीकरवर पुढचं गाणं लागलं होतं, मग त्याच्या पुढचं. पहिलं गाणं काही फिरून येत नव्हतं.

दोन दिवसांनी ते दुकानात आले.

“गाणी सरून नाही रायली,” ते म्हणाले. “तरी उठतात. उलट लवकर उठतात.”

“मग?”

“कार्ड छोटं पडलं असन.”

मी गंभीर चेहऱ्याने सांगितलं की त्यांच्या मशीनला यापेक्षा मोठं चालणार नाही. नवीन मॉडेल आलं की कळवीन म्हटलं. मोबाइल नंबर लिहून घेतला. तो माझ्याकडे आधीपासूनच होता.

रोवणी वेळेत आटोपली. पऱ्ह्यांतलं एकही रोप वाया गेलं नाही, हे गुलाबजींनी स्वतः गावभर सांगितलं, आणि त्याचं श्रेय कार्डाला दिलं. आता आणखी तीन शेतमालक माझ्याकडून बत्तीस जीबी घेऊन गेले आहेत. प्रत्येकाच्या बाया आधी येऊन आपलं गाणं कितव्या नंबरवर ठेवायचं ते सांगून जातात. धंदा चांगला आहे.

दिवाळीच्या आधी गुलाबजी परत आले. दुकानात दुसरं कोणी नाही ना, ते पाहिलं.

“सुषमा, एक विचारू का? त्या बायायच्या कार्डात एक दंडारीचं गाणं हाय. कुत्रं भुंकते त्याच्यात.”

माझा हात माऊसवरच राहिला. “हो. मग?”

“थे वाजलं का मले भूक लागते. रोवणीभर लागली. आता रोवणी सरली, तं जेवणाकडे मनच जात नाही. डॉक्टरले विचारलं, तं तो म्हणते काही नाही तुमाले.” त्यांनी खिशातून मोबाइल काढून काउंटरवर ठेवला. “तेवढं टाकून दे याच्यात. जागा किती लागन?”

त्यांचा फोन एकशे अठ्ठावीस जीबीचा होता. मी फाइलवर क्लिक करून साइज पाहिली.

“तीन एमबी, काकाजी,” मी म्हटलं. “माणसाला एवढीच लागते.”