एकोणिसावी कॅसेट

शिंपीणमामी हातातलं काम दहादा उसवेल, पण अर्धवट टाकणार नाही, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं.

तिचा नवरा पेंटर. पाट्या रंगवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. डोळे गेले, ब्रश सुटला, राहिली ती गाणी. फळीवर चाळीस कॅसेटी ओळीने उभ्या, प्रत्येकीच्या पाठीवर त्यानेच रंगवलेला लाल आकडा. टेपरेकॉर्डरने मान टाकली तेव्हा भाचीने त्या कॅसेटींतली सगळी गाणी जमवून बोटभर प्लेअरमध्ये ओतली, पण एकाच ढिगात. बटण दाबून दाबून पेंटरचा अंगठा दुखला. हवं ते गाणं लागेना.

"घे तुझं डबडं! एका गाण्यासाठी कुणाच्या तोंडाकडे बघू? आणि बघायला डोळे तरी कुठायत?"

त्या दिवसापासून त्याने गाणंच सोडलं. घरात बोलायचं ते फक्त शिलाई मशीन. मामीला ते साहवेना. ती तडक भाचीच्या कॉम्प्युटरपुढे जाऊन बसली.

"मामी, गायकाप्रमाणे लावू?"

"फळीप्रमाणे लाव. त्यांच्या बोटांना फळी पाठ आहे."

चाळीस कॅसेटींचे चाळीस फोल्डर. कॅसेटच्या डबीतला गाण्यांच्या यादीचा कागद वाचून मामी एकेक गाणं ताडून बघायची. आठ दिवस झाले, भाची रडकुंडीला आली.

"मामी, गाणी लावताय की काजं करताय?"

"काज चुकलं तर बटण कुठं जाईल, बाई?"

नवव्या दिवशी पेंटरने मोजत मोजत फोल्डरचं बटण दाबलं. पाचवी कॅसेट बरोबर. बारावी बरोबर. बाविसावी लावली, तर वाजली तेविसावी.

"चुकलीस," म्हणत त्याने प्लेअर खाली ठेवला.

मामीने फळीवरून हात फिरवला. एकोणिसावी डबी हलकी लागली. तिची फीत टेपने कधीच गिळली होती; पेंटरने रिकामी डबी जागेवर उभी ठेवली होती. मामीनेही तो फोल्डर तसाच रिकामा ठेवला होता, आणि प्लेअर रिकामं घर ओलांडून पुढे जात होता.

"मग पुढचे आकडे बदलू," भाची म्हणाली. "मामा शिकतील."

"त्यांनी रंगवलेला आकडा मी पुसायची नाही."

तिने भाचीला घरी आणलं, तिचा फोन मशीनशेजारी ठेवायला लावला आणि एका चादरीची अख्खी किनार एका दमात मारली.

संध्याकाळी तिने प्लेअर पेंटरच्या मुठीत कोंबला. "मोजा आता."

बाविसावी बरोबर लागली. मग, बायकोला कोंडीत पकडायचं म्हणून, त्याने मुद्दाम एकोणिसावी लावली. खडखड, खडखड.

"हे काय गं? हे तर तुझं मशीन!"

"जागा धरून बसलंय."

किनार संपेपर्यंत तो ऐकत राहिला.

"शेवटी दोरा तुटला."

"तुटला होता."

"तेवढं सोडलं तर बरं वाजवतेस," पेंटर म्हणाला आणि अंगठ्याने विसावी लावली.