थोडासा बंद रस्ता

गडचिरोलीतल्या जिल्हा आरोग्य कचेरीच्या व्हरांड्यात मी तक्त्याची प्रत घेऊन फेऱ्या मारत होतो. पाय थांबेनात. पावसाळ्यात भामरागडकडे लसी पोचवायला मोटारहोडी द्यायची की नाही, हे आत, साहेबांच्या बैठकीत, माझ्या तक्त्यावरून ठरायचं होतं. बाळांना लस उशिरा का मिळते, याची कारणं मी त्यात मोठ्यापासून लहानापर्यंत लावली होती. सर्वांत वर अंतर. सर्वांत खाली ‘पावसाळ्यात रस्ता बंद: हो किंवा नाही’.

तक्ता मात्र काय देखणा! सगळी कारणं एका मापात यावीत म्हणून मी प्रत्येकाचं एक प्रमाण विचलन धरलं होतं. म्हणजे गावागावांत त्या गोष्टीत सर्वसाधारण जेवढा फरक, तेवढं एक पाऊल. स्वतःच्या हुशारीवर मी फिदा होतो.

बाकावर भामरागडकडच्या नर्सबाई बसल्या होत्या, होडी मागायला आलेल्या. त्यांनी तक्ता ओढून घेतला.

“भाऊ, हे रस्त्यापुढं काय लिवलं?”

“रस्ता बंद असणं एक पाऊल वाढलं, तर लसीला किती उशीर होतो ते.”

“एक पाऊल म्हणजे किती?”

मी मनात मांडून पाहिलं: बंद म्हणजे एक, चालू म्हणजे शून्य. “साधारण... पाव रस्ता.”

“पाव रस्ता बंद? मंग उरलेल्या पाऊण रस्त्यानं काऊन नाई गेली मी पुरात? रस्ता एकतर बंद असते, नाई तर चालू असते!”

मी तक्ता परत ओढून पाहिला. जिल्ह्यात रस्ता बंद पडणारी गावं थोडी, म्हणून ते पाऊल इवलंसं आणि त्यावरून निघालेला आकडाही इवलासा, जेमतेम आठवडा; पूर्ण बंद रस्त्याला त्याच्या चौपट. गावं कमी, म्हणून त्यांचा त्रासच कमी दिसत होता!

मी दार ढकलून आत घुसलो. “साहेब, थांबा! रस्त्याचा आकडा तसा वाचू नका!”

“मग काल पाठवला तो तक्ता काय होता?”

“देखणा होता, साहेब.”

कोणीतरी खुसकन हसलं. साहेब नाही. “एका वाक्यात सांगा.”

“अंतर आणि बाकी सगळं सारखं असलं, तरी रस्ता बंद पडणाऱ्या गावात लसीला महिनाभर जास्त लागतो.”

साहेबांनी पेन फिरवलं, पुन्हा फिरवलं, आणि होडीपुढे बरोबरची खूण केली.

“साहेब,” नर्सबाई दारातूनच म्हणाल्या, “आषाढाच्या आधी भेटन ना? नाई तर कागदावरच तरंगन.”

तारीख लिहून मिळेपर्यंत त्या दारातून हलल्या नाहीत. मीही नाही.