शिंदीवरची दोन अंडी

झावळ्यांच्या रविवारी येशूच्या स्वागताला हातात झावळी हवी, म्हणून काल मावशीला खाली थांबवून दरडीवर चढून ओढ्याकाठच्या शिंदीची एक झावळी तोडली. ती खाली पडल्यावर दिसलं, तिच्या आडोशाला होल्याचं घरटं होतं. थोड्या काड्या आणि दोन पांढरी अंडी भर उन्हात उघडी पडली. होला समोरच्या तारेवर जाऊन बसला.

मी झावळी सुतळीने परत बांधू लागले.

“कॉलेजात झाडाला झावळ्या चिकटवायला शिकवतात काय गं?” मावशी खालून हसली. मग मी अंड्यांचं सांगितलं, तशी म्हणाली, “चल बाई. देव बघंल त्यांचं.”

देव बघतो, हे मीही मानते. पण मग त्याने माझा कोयताही बघितला असेल.

आज मिरवणूक त्याच दरडीखालून गेली. बांधलेली झावळी सुकून लोंबत होती. होला अजून तारेवरच होता. माझे हात रिकामे होते, तरी सगळ्यांबरोबर मी होसान्नाचा जयघोष केला. एवढ्या झावळ्यांची सावली रस्त्यावर हलत होती, पण वरच्या दोन अंड्यांपर्यंत ती पोचत नव्हती.